जात चोरण्याची सोय

बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती!' हे पुस्तक आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. पप्पांनी ते कधीतरी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या एका स्टॉलवरून आणलेलं. कव्हर केव्हाच गेलंय, पाठीला काळी इलेक्ट्रिक टेप आहे. लहानपणी ते नाव वाचून मला हसू यायचं. जात काय सायकल आहे का चोरायला?

पुस्तक वाचलं मात्र २०२० साली. लॉकडाऊनमध्ये पुण्याहून नाशिकला घरी आलो होतो, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून काम चाललेलं, आणि एक कॉल संपून दुसरा सुरू होईपर्यंतच्या वेळात मी शीर्षककथा वाचून काढली. तेव्हा मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. दुसरा कॉल मी कॅमेरा बंद ठेवून केला.

गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ज्यांनी ती वाचली आहे त्यांनाही अनेकदा 'शेवटी दलित नायकाला मार पडतो' एवढीच आठवते. नायक मुंबईचा तरुण आहे, कविता करतो. त्याला गुजरातेत, सुरतेच्या बाजूला, रेल्वेत नोकरी लागते. पहिल्याच दिवशी त्याला जात विचारली जाते. तो खोटं बोलत नाही. दुसरी कुठली जात सांगत नाही. तो चिडतो, आणि आपण मुंबईकर आहोत, देशासाठी झगडणारे आहोत अशा थाटाचं एक जोरदार भाषण ठोकतो. ऐकणारे वरमतात. रामचरण तिवारी नावाचा सहकारी त्याला राहायला जागा देतो, त्याच्या कवितांमुळे त्याला मान देतो. त्याच कामावर काशिनाथ सकपाळ हाही मुंबईचा आणि नायकाच्याच समाजाचा माणूस आहे. तो मात्र आपली जात सरळ सांगून टाकतो आणि रोज तिची किंमत मोजतो. अपमान, भांडणं, धमक्या. नायक हे बघत राहतो. शेवटी नायकाची जात उघड होते, त्याला बेदम मार पडतो, आणि त्यातून त्याला सोडवायला धावून येतो तो काशिनाथ.

हा कथासंग्रह १९६३चा. बागूल मूळचे आमच्या नाशिकचे, विहितगावचे. जन्म जुलै १९३०चा. त्याच वर्षी २ मार्चला दहा-बारा किलोमीटरवर पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. बागूल स्वतः काही काळ सुरतेला रेल्वेत होते, त्यामुळे ही कथा बऱ्याचदा आत्मकथनासारखी वाचली जाते. मला ती वेगळ्या कारणासाठी वाचावीशी वाटते. माझ्या माहितीत मराठीत 'कामाची जागा' इतक्या नेमकेपणाने समजलेली दुसरी कथा नाही. आणि तिचा विषय 'जातीयता' हा जितका आहे, तितकाच 'कोणाला लपता येतं' हाही आहे.

आधी शीर्षकाबद्दल. जेरी पिंटो यांनी २०१८मध्ये या कथा इंग्रजीत नेल्या, तेव्हा शीर्षकात 'चोरली'चं 'लपवली' झालं. अनुवादकाला दोष नाही. 'चोरली' तसंच नेलं असतं तर नायकाने दुसऱ्या कुणाची जात पळवली असं वाटलं असतं. मराठीत मात्र चोरणं म्हणजे दरवेळी दुसऱ्याचं घेणं नसतं. आपण नजर चोरतो, अंग चोरतो. गर्दीच्या बसमध्ये शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून आपण अंग चोरून उभे राहतो, म्हणजे जागा असतानाही आपलंच शरीर आपण कमी करतो. लपवलेली वस्तू घरात कुठेतरी शाबूत असते. चोरलेलं अंग आखडतं, तासाभराने दुखायला लागतं. बागुलांना तोच शब्द हवा होता असं मला वाटतं.

माझं आडनाव मराठ्यांत आहे, ओबीसींत आहे, आमच्यातही आहे. महाराष्ट्रात अशी आडनावं ढीगभर आहेत, आणि ती असणाऱ्याला एक सोय आपोआप मिळते: लोक स्वतःच अंदाज करतात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये एकाने विचारलं, "नाशिकचा ना? मग द्राक्षबाग असणार घरची." मी हसलो. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी 'हो' असा घेतला, आणि पुढची चार-पाच वर्षं माझ्या नावावर निफाडला एक द्राक्षबाग राहिली. मार्चमध्ये गारपिटीच्या बातम्या आल्या की टीममधले लोक काळजीने विचारायचे, "नुकसान झालं का रे बागेचं?" मी म्हणायचो, "थोडंफार." (आमच्या घरी कुंडीत एक कढीपत्ता आहे.)

पुण्यात फ्लॅट बघताना मालकाने पूर्ण नाव विचारलं, मग गाव, मग तालुका, मग "गावाकडे आडनाव हेच लावतात का?" हा प्रश्न ज्याला कधी विचारला गेला नाही त्याला तो साधा वाटेल. मी काही बोलायच्या आत माझ्याबरोबर आलेला सहकारी म्हणाला, "काका, आपल्यातलाच आहे तो." काकांनी चहा मागवला. माझा तो मित्र खरंच चांगला माणूस आहे. मला डेंग्यू झाला तेव्हा रात्रभर हॉस्पिटलमध्ये बसला होता. रामचरणचं पात्र मला त्याच्यामुळे कळलं. बागुलांनी रामचरणला खलनायक केलेलं नाही. तो आदर करतो, घर देतो, जीव लावतो. फक्त हे सगळं तो ज्या माणसाला देतो, तो माणूस त्याने मनात तयार केलेला आहे. प्रेम खरं आणि पत्ता चुकीचा. अशा प्रेमात राहणारा माणूस रोज घाबरलेला असतो, कारण त्याला मिळणारी प्रत्येक चांगली गोष्ट दुसऱ्याच्या नावावर आलेली असते.

कथेच्या आधी ४६ वर्षं, याच गुजरातेत, हे एकदा घडून गेलं होतं. १९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे. कोलंबिया आणि लंडन करून आलेला माणूस. त्या इमारतीत त्यांच्याएवढं शिकलेलं कोण असेल? तरी शिपाई फायली लांबून टेबलावर टाकत. राहायला जागा मिळेना, म्हणून ते पारशी नावाने एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. 'मेरिट असेल तर जात आडवी येत नाही' असं कुणी म्हणालं की मला ते टेबल आठवतं.

आता बागुलांच्या कथेवरचा नेहमीचा आक्षेप. तिची भाषा फार चढी आहे, नायक बोलत नाही, भाषणं करतो, असं माझ्या पिढीच्या वाचकाला वाटतं. मलाही वाटलं होतं. कथेतली स्त्री तर जवळपास नायकाचा मोठेपणा दाखवायलाच आली आहे, तो दोष मी आजही मानतो. पण भाषणांबद्दल माझं मत दुसऱ्या वाचनात बदललं. नायकाची ती भारदस्त भाषा हेच त्याचं लपण्याचं साधन आहे. त्याने दुसरी जात सांगितली नाही, पण जात विचारण्यावर तो ज्या शैलीत भडकला, त्या शैलीनेच त्याची जात 'सांगितली'. असा बोलणारा माणूस खालचा असूच शकत नाही, असं ऐकणाऱ्यांनी ठरवलं. त्याला जागा मिळाली ती कवितेच्या जोरावर. काशिनाथकडे ही भाषा नाही. तो मुंबईच्या वस्तीतला, तोंडाळ, कमरेला चाकू बाळगणारा माणूस. दोघं एकाच समाजाचे आणि एकाच शहरातून आलेले. त्यांच्यात फरक आहे तो आमच्या अप्रेझल फॉर्मवर एका वेगळ्या रकान्यात लिहिला जातो. त्या रकान्याचं नाव 'कम्युनिकेशन'.

हे वाक्य लिहिताना मला जी गोष्ट टाळायची होती, तिच्याकडे थोड्या वेळाने येतो. आधी पप्पा.

पप्पा नाशिकरोडकडच्या एका सरकारी कारखान्यात ३३ वर्षं होते. राखीव जागेवर लागले. त्यांच्या सर्व्हिस बुकात पहिल्याच पानावर प्रवर्ग लिहिलेला आहे. साहेबापासून शिपायापर्यंत कुणालाही अंदाज करायची गरज नव्हती. प्रमोशनच्या वेळी मागून 'सरकारी जावई' ऐकू यायचं. एकदा त्यांच्या डब्याशेजारी बसलेला माणूस डबा उचलून पलीकडच्या बाकावर गेला, तो पुढची अकरा वर्षं तिथेच जेवला. या गोष्टी त्यांनी मला मी नोकरीला लागल्यावर सांगितल्या, आधी नाही. पण त्याच कारखान्यात बिंदुनामावली होती. कुठला बिंदू कोणत्या प्रवर्गाचा, कुणाची बढती अडली आहे, हे कागदावर मांडता येत होतं. मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची संघटना होती. तिच्यातले एक काका (आम्ही सगळी पोरं त्यांना वाघकाकाच म्हणायचो, खरं आडनाव वेगळं होतं) नामावलीची झेरॉक्स घेऊन सरळ साहेबाच्या केबिनमध्ये जायचे. पप्पांची बढती दोन वर्षं रखडली होती, ती अशीच झाली.

आरक्षणावर आपण वाद घालतो तेव्हा जागांचा हिशेब मांडतो. किती टक्के, कुणाला, कधीपर्यंत. त्यात एक गोष्ट सुटते. आरक्षण जात लपवण्याची सोय काढून घेतं. हे ऐकायला तोट्यासारखं वाटतं, आणि पप्पांना तो तोटा झालाही. पण लपता येत नाही म्हटल्यावर माणूस निदान उभा तरी राहतो, आणि शेजारी कोण उभं आहे ते त्याला दिसतं. कारखान्यात पप्पांना चाळीस-पन्नास माणसं ठाऊक होती, ज्यांच्याकडे जाता येत होतं. माझ्या ऑफिसात तीन हजार लोक आहेत. त्यांत आमचे किती, मला सांगता येणार नाही. ते असतील, माझ्यासारखेच कुठल्यातरी तालुक्यातल्या बागेची निगा राखत.

आमच्याकडे जात विचारणं पॉलिसीविरुद्ध आहे. छान वाटतं ऐकायला. पण विचारत नाहीत म्हणून ती कुठे लिहिलेली नाही, लिहिलेली नाही म्हणून मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून तक्रारीला पुरावा नाही. डायव्हर्सिटीच्या डॅशबोर्डवर मुलींचं प्रमाण दर तिमाहीला येतं, आणि ते यायलाच हवं. जातीचा रकाना नाही. मी डेटाबेसवरच काम करतो, त्यामुळे एवढं सांगू शकतो: जी गोष्ट टेबलात नाही तिच्यावर क्वेरी चालत नाही. ती गोष्ट जगात नाही, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही.

ती आहे हे मोजून दाखवलेलंही आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त नावांचा. २००७मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त निष्कर्ष आले. सवर्ण नावाला पुढचं बोलावणं येण्याचे जे 'ऑड्स' होते, त्याच्या साधारण दोन-तृतीयांश दलित नावाला, आणि एक-तृतीयांश मुस्लिम नावाला. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या एचआर मॅनेजरांच्या मुलाखती छापल्या. आम्ही फक्त मेरिट बघतो, असं ते सांगत होते, आणि उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' मात्र आवर्जून विचारत होते. वडील काय करतात, घरात कोण शिकलेलं आहे. त्यांना यात विसंगती वाटत नव्हती. आमच्याकडे आता हा प्रश्नही लागत नाही. निम्मी भरती रेफरलने होते, आणि माणूस रेफर करतो तो आपल्या ओळखीच्याला.

आरक्षण म्हटलं की आपल्याला कॉलेज ॲडमिशन आठवते, कारण आमच्या वयाचा त्याच्याशी संबंध तिथेच आला. पण महाराष्ट्रात त्याची सुरुवात नोकरीतून झाली. २६ जुलै १९०२ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांतून भरायचा हुकूम काढला, तो नोकऱ्यांबद्दल होता. शिकून उपयोग काय, कचेरीत बसायला जागा नसेल तर, हे त्यांना कळलं होतं. आज कचेरी खासगी झाली आहे आणि तिथे कायद्याने कुठलंच आरक्षण नाही. २००६च्या सुमारास केंद्राने हा विषय काढून पाहिला, तेव्हा उद्योगांच्या संघटनांनी स्वेच्छेच्या आचारसंहितेवर निभावलं. म्हणजे पप्पांना जो कागद मिळाला होता, तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. मला मिळाली ती आडनावाची सोय.

एक गंमत बघण्यासारखी आहे. २०१९मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण आलं, उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. त्यानंतर आमच्या कॅन्टीनमध्ये लोक बिनधास्त सांगायला लागले, "धाकट्याचं ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट काढलं, बरं झालं." कुणी अंग चोरलं नाही. कुणी त्या धाकट्याच्या मेरिटबद्दल विचारलं नाही. चांगलंच आहे. मला एवढंच लक्षात आलं, की लाज 'आरक्षण' या शब्दाला चिकटलेली नव्हतीच.

सोय मिळाली तर घ्यावी, काय बिघडतं, असंही कुणी म्हणेल. आडनावाने वाचतोय तर वाच. मीही हेच म्हणायचो. २०२०मध्ये कॅलिफोर्नियाच्या सरकारी यंत्रणेने सिस्को कंपनीवर खटला भरला. आरोप असा होता की एका दलित इंजिनिअरने भारतातल्या कॉलेजात राखीव जागेतून प्रवेश घेतला होता हे त्याच्या वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितलं, आणि पुढे त्याच्याशी भेदभाव झाला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३मध्ये दोन वरिष्ठांविरुद्धची तक्रार मागे घेतली गेली, कंपनीविरुद्धची राहिली. खरं-खोटं कोर्ट बघेल. त्या बातमीने माझी झोप उडवली ती वेगळ्या कारणाने. समुद्रापलीकडे, जिथे आपलं आडनाव कुणाला उच्चारताही येत नाही, तिथेही तुमची ॲडमिशनची यादी पाहिलेला एक माणूस पुरतो. लपणं टिकतं ते दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. बागुलांच्या नायकालाही हे माहीत असतं. म्हणून त्याला मान मिळत असताना वाचणाऱ्याला आनंद होत नाही, पोटात गोळा येतो.

आता टाळलेली गोष्ट.

२०२२मध्ये आमच्या टीममध्ये विदर्भातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजमधून एक मुलगी आली. मी तोपर्यंत टीम लीड झालो होतो. पहिल्या महिन्यात तिने स्क्रीन शेअर केली तर वॉलपेपरवर बाबासाहेब. कॉलवर बारा जण होते. तीनेक सेकंद कुणीच काही बोललं नाही. मग एकजण "हां, तो लॉग उघड" म्हणाला आणि काम पुढे सरकलं. कुणी तिला कधी काही वावगं बोललं नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. फक्त तिला जेवायला बोलावणं कमी झालं. तिच्या ईमेलमधल्या व्याकरणावर लोक हसायला लागले. तेच व्याकरण इतरांचंही होतं. ती मराठी बोलायची तेही वऱ्हाडी वळणाचं, मीटिंगमध्ये आवाज चढवून. एप्रिलमध्ये तिने विचारलं, "१४ एप्रिलची सुट्टी कंपनीच्या लिस्टमध्ये का नाही?" सगळ्यांसमोर विचारलं. मॅनेजर नंतर मला म्हणाला, "पोरगी हुशार आहे रे, पण ॲटिट्यूड."

वर्षाच्या शेवटी कॅलिब्रेशन असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सगळे लीड एका खोलीत बसतात आणि ठरलेल्या टक्केवारीत माणसं बसवतात, इतके वर, इतके मध्ये, इतके खाली. खाली कुणीतरी जावंच लागतं. तिचे आकडे माझ्या समोरच्या शीटमध्ये होते. बंद केलेले बग, वेळेत दिलेली कामं, सगळ्यात ती टीममध्ये दुसरी-तिसरी. चर्चा आकड्यांवर झाली नाही. 'कम्युनिकेशन', 'टीम फिट' असे शब्द आले. कुणीतरी माझ्याकडे बघितलं, कारण ती माझ्या टीमची होती. मला एक वाक्य बोलायचं होतं: आकडे बघा. पण मला वाटलं, मी तिची बाजू घेतली तर कुणाच्या तरी डोक्यात 'हा का घेतोय?' असं येईल. मी म्हणालो, "ठीक आहे, इम्प्रूव्ह होईल पुढच्या वर्षी."

बागुलांच्या नायकासमोर काशिनाथला त्रास होतो आणि तो गप्प बसतो, त्या जागा कथेत मोठ्या नाहीत. पहिल्या वाचनात मी त्या ओलांडून मारहाणीच्या प्रसंगाकडे गेलो होतो. आता वाटतं, कथा तिथेच आहे. जात चोरण्याची किंमत चोरणारा स्वतः मोजतो असं आपण धरून चालतो. खरी किंमत त्याच्या शेजारचा, न चोरणारा मोजतो. आपण जितके चांगले लपतो, तितका काशिनाथ एकटा पडतो, आणि तितका तो भांडखोर दिसतो.

कथेच्या शेवटी मार खाल्लेला नायक काशिनाथला जे सांगतो, ते फार नावाजलेलं आहे. मारणारी माणसं खरी मारणारी नव्हतीच, मारलं ते मनूने, अशा आशयाचं त्याचं बोलणं आहे. १९६३ साली हे म्हणणं धाडसाचं होतं, माणसांवर सूड न उगवता व्यवस्थेकडे बोट दाखवणारं. शेवटाला मी हात लावणार नाही, पण त्यावर माझा राग आहे. कारण हेच वाक्य आता कंपनी बोलते. तिला खाली कुणी ढकललं? कुणी नाही, कर्व्हने. भरती कुणी थांबवली? कुणी नाही, प्रोसेसने. सगळं मनूवर टाकलं की त्या खोलीत बसलेल्या सात माणसांची नावं कुठेच येत नाहीत, आणि त्या सातांत मी होतो. काशिनाथने, माझ्या आठवणीत तरी, मनूला शोधायला चाकू उपसला नव्हता. समोर होते त्यांच्यासाठी उपसला होता.

तिने पुढच्या चार महिन्यांत नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी कंपनीच्या चॅटवर तिचा मेसेज आला, "जय भीम, दादा." मी तो बराच वेळ उघडा ठेवला. मग टाइप केलं, "ऑल द बेस्ट."

या दिवाळीत हे सगळं मी पप्पांना सांगितलं. वाटलं होतं ते रागावतील. ते पुस्तक काढून बसले आणि म्हणाले, कथेतल्या त्या पोराला तू फार झोडतोस, त्याला नोकरी टिकवायची होती, खोली टिकवायची होती. वाघकाकासुद्धा रोज वाघ नव्हते, त्यांच्यामागे संघटना होती, कागद होता. मग चष्मा काढून विचारलं, "त्या पोरीचा नंबर आहे का?"

"आहे."

"मग पुस्तकावर काय लिहीत बसलास?"

लिहायचं थांबवलं नाही, पण फोन केला. ती आता नागपूरला आहे, चांगल्या ठिकाणी. कॅलिब्रेशनच्या खोलीत मी काय बोललो आणि काय बोललो नाही, ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. म्हणाली, तेव्हा वाईट वाटलं होतं, आता राग येतो, पण सांगितलंत हे बरं केलं. मी विचारलं, माझ्याबद्दल तुला कसं कळलं?

"दादा, दरवर्षी १४ एप्रिललाच कुणाच्या घरी लग्न असतं का? रजेच्या अर्जात 'फॅमिली फंक्शन' लिहायचा तुम्ही." मग हसून म्हणाली, "आणि द्राक्षं कशी आहेत यंदा?"

मी म्हणालो, बाग नाही गं आमची.

"माहितीये," ती म्हणाली. "टीममध्ये कधी सांगणार?"